वाचनालयाची डीव्हीडी घरी चालते, सभागृहात का नाही?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांबरोबर मराठी चित्रपटांच्या डीव्हीडींचेही एक कपाट आहे. त्यांपैकी एक चित्रपट रविवारी दुपारी सभागृहात विनातिकीट दाखवावा, अशी विनंती गेल्या महिन्यात तीसेक ज्येष्ठ सभासदांनी केली. कार्यवाह या नात्याने मी नकार दिला आणि तेव्हापासून ‘डीव्हीडी आपली, प्रोजेक्टर आपला, मग अडचण कोणाची?’ हे रोज ऐकतो आहे. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर वेष्टनावरच बारीक अक्षरांत छापलेले आहे: ‘केवळ घरगुती वापरासाठी’.

ही ओळ आपण कधी मनावर घेतली नाही. व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीसाठी भाड्याने आणायचा, वर्गणी काढून तीन कॅसेट मागवायच्या आणि चाळीच्या चौकात पहाटेपर्यंत बसायचे, हा ऐंशीच्या दशकात गणेशोत्सवातला नेहमीचा बेत असे. कॅसेटच्या आरंभी येणारी इशाऱ्याची पाटी बटण दाबून पुढे पळवण्याचे काम माझ्याकडेच असायचे. व्हिडिओ लायब्ररीवाल्याला भाडे दिले की सगळे मिळाले, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात चित्रपटाची प्रत भाड्याने देण्याचा हक्क आणि तो लोकांना दाखवण्याचा हक्क हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ मध्ये वेगवेगळे नोंदवलेले आहेत. पहिल्याचे पैसे भरले म्हणून दुसरा पदरात पडत नाही.

प्रेक्षक आपापल्या घरात बसून पाहतात, तेव्हा हे प्रदर्शन खासगीच, असा युक्तिवाद केबलवरून व्हिडिओ चित्रपट दाखवणाऱ्यांनी गरवारे विरुद्ध टेलिलिंक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयात करून पाहिला होता. १९८९ च्या निकालात न्या. सुजाता मनोहर यांनी तो मान्य केला नाही; प्रेक्षक कोठे बसला आहे यापेक्षा तो खरोखर घरगुती प्रेक्षक आहे का आणि मालकाच्या हक्काला त्यामुळे बाध येतो का, हे त्यांनी पाहिले. हा निकाल मला पटतो. निर्मात्याच्या पोटावर पाय देऊन फुकट करमणूक करावी, असे माझे मुळीच म्हणणे नाही.

माझी तक्रार कलम ५२ मधील सवलतींविषयी आहे. हौशी मंडळाने पैसे न घेता नाटक केले किंवा गाण्याचा कार्यक्रम केला, तर तो हक्कभंग ठरत नाही. शाळेने विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरता चित्रपट दाखवला, तर तेही चालते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर नफा न कमावणाऱ्या ग्रंथालयाने चित्रपटाची वैध प्रत सभासदाला देणे ‘व्यावसायिक भाडे’ या व्याख्येतूनही वगळले आहे. म्हणजे याच सभागृहात आम्ही संपूर्ण नाटक बसवू शकतो आणि तीच डीव्हीडी तीस जणांना पाळीपाळीने घरीही देऊ शकतो. तीस जणांनी एकत्र बसून ती पाहण्याची सोय मात्र कायद्यात नाही. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. नफ्याचा हेतू नसल्यास न्यायालय शिक्षा कमी करू शकते, हे खरे, पण तेवढ्या भरवशावर कोणता कार्यवाह प्रोजेक्टर लावील?

रीतसर परवानगी घ्यावी म्हणून वेष्टनावरील पत्त्यावर मी पत्र पाठवले, ते ‘या पत्त्यावर कोणी नाही’ असा शेरा घेऊन परत आले. हौशी मंडळाच्या सवलतीत, तिकीट नसलेल्या आणि मर्यादित प्रेक्षकसंख्येच्या खेळापुरता, चित्रपटाचाही समावेश करावा; ते होईपर्यंत राज्य शासनाने निर्मात्यांशी बोलून मान्यताप्राप्त ग्रंथालयांना माफक शुल्कात आणि एकाच ठिकाणी परवाना मिळण्याची व्यवस्था करावी, अशी माझी विनंती आहे.

दरम्यान, ती डीव्हीडी आम्ही सभासदांना पाळीने घरी देत आहोत. तीसपैकी चौघांकडेच आता प्लेअर उरला आहे.

आपला,
एका सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह