वह्या रद्दीत देऊ नकोस

प्रिय मन्या,

तुझा मेसेज वाचला. थिअरीच चुकली म्हणून पाच वर्षांच्या खोदकामाच्या साइटवरच्या वह्या रद्दीत देणार म्हणे. फोन तर तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

सध्या मी मिलोये वासिचबद्दल वाचतोय. सर्बियाचा पुरातत्त्वज्ञ, जन्म १८६९, डॅन्यूबकाठच्या वेलिको ग्रादिश्तेचा. म्युनिकला फुर्टव्हेंगलरच्या हाताखाली शिकला, १८९९ ला डॉक्टरेट. फुर्टव्हेंगलर म्हणजे ग्रीक मूर्ती आणि भांडी यातला बाप माणूस, त्यामुळे गडी परत आला तो डोक्यात ग्रीस घेऊनच.

१९०८ ला त्याने बेलग्रेडजवळ विंचाला खोदायला घेतलं. जागेचं नाव बेलो ब्र्दो, म्हणजे पांढरी टेकडी (आपल्याकडेही जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरीच म्हणतात की!). डॅन्यूबच्या काठावर नऊ-दहा मीटर जाड वस्तीचा थर, घरावर घर, घरावर घर. मध्ये युद्धं आली, काम थांबलं, पैसा संपला, मग १९२९ ला बर्मिंगहॅमच्या चार्ल्स हाइड नावाच्या पेपरमालकाने पैसे दिले तेव्हा पुन्हा जोरात सुरू झालं, आणि १९३२ ते ३६ मध्ये चार जाडजूड खंड छापून आले.

आता गंमत बघ. आधी त्याला ते ब्राँझ युगातलं वाटलं, मग म्हणायला लागला की ही तर इ.स.पू. सहाव्या शतकातली आयोनियन ग्रीकांची (म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या ग्रीकांची) वसाहत, जवळच्या अवाला डोंगरातल्या हिंगुळासाठी, म्हणजे पाऱ्याच्या लाल खनिजासाठी, इथे येऊन राहिलेली. बाकीचे सांगून दमले की बाबा रे हे त्याच्या कितीतरी आधीचं आहे, निओलिथिक, म्हणजे नवाश्मयुगातलं आहे. पण ऐकेल तर शपथ, तुझ्याहून हट्टी! १९५६ ला वारला तोवर मत तेच. आणि विंचाची वस्ती निघाली साधारण इ.स.पू. ५३०० ते ४५०० ची. चार हजार वर्षांची चूक रे, तुझी किती, दोन-तीनशे?

पण मला आवडलं ते वेगळंच. मूर्ती असो की हाडाची टोचणी, वस्तू कितव्या मीटरवर सापडली ते तो लिहून ठेवायचा. आयोनियन थिअरी कधीच मोडीत गेली, पण त्याच्या संग्रहातल्या हाडाच्या हत्यारांचं अलीकडे कार्बन डेटिंग केलं तेव्हा त्याच खोलीच्या आकड्यांवरून (जितकं खोल तितकं जुनं) थरांचा क्रम लावता आला. म्हणजे ज्याचं म्हणणं कुणीच मानत नाही त्याचीच मोजमापं घेऊन लोक अजून काम करतायत.

तुझ्या वह्यांमध्ये खोली आहे ना लिहिलेली? ट्रेंच नंबर, तारीख? मग मुकाट्याने माळ्यावर टाक. जागा नसेल तर माझ्याकडे आणून ठेव, आई ओरडेल थोडी. रविवारी फोन करतो, उचल.

तुझा,
बंड्या