संजू, माळेला कोणतं पाकीट लावशील?

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय संजू,

सप्रेम नमस्कार.

कराडात विद्यानगरला, तेही कॉलेजच्या तोंडाशी, गाळा मिळाला हे झकास झालं. चहा, वडापाव, भजी यात तुला मी काय सांगणार? वहिनी तिथे बसल्यावर ती बाजू भक्कमच आहे. पण मेसेजच्या शेवटी तू जे लिहिलंस ना, ‘तिखट वेफर्समध्ये कुठलीही कंपनी ठेवली तरी काय फरक पडतो, सगळे सारखेच,’ ते वाचून डोकंच फिरलं. फोनवर हे नीट सांगून होणार नाही, तू मध्येच गिऱ्हाइकाकडे वळशील. म्हणून पत्र.

आधी यादीतून कुरकुरे आणि मॅड अँगल्स बाजूला काढ. विकायला ठेव, पोरं मागतातच, पण ते बटाट्याचे नाहीत. आपण बोलतोय बटाट्याबद्दल.

आमचा मेव्हणा चाकणच्या बाजूला अशाच मालाची लाइन फिरवतो, तुला माहीत आहे. गेल्या आठवड्यात तो मुक्कामाला होता. गाडीतून निरनिराळी पाकिटं वर आणायला लावली, सगळी वाट्यांमध्ये ओतली, रिकामी पाकिटं लपवली आणि सोसायटीतल्या पोरांना बोलावलं. सोबत तात्या जोशीही येऊन बसले, त्यांना ॲसिडिटी असूनसुद्धा. पोरांना एकच विचारलं: यातलं तिखट कुठलं?

लेजचा निळा मॅजिक मसाला सगळ्यांनी वासावरूनच ओळखला, तोंडात टाकायच्या आधी. आणि गंमत बघ, त्याला तिखट कुणीच म्हटलं नाही! ‘भारी’ म्हणाले, ‘चटपटीत’ म्हणाले. मी पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली: कांद्याची पूड, मिरची, आमचूर, धणे, आलं, लसूण आणि साखर. खाताना हे एकेक करून लागतं. आधी गोडसर, लगेच आंबट, आणि मिरची पोचेपर्यंत घास गिळून झालेला असतो. मग ती राहिलेली मिरची शोधायला हात पुन्हा पाकिटात जातो. हा काही कारागिरीतला दोष नव्हे, हीच कारागिरी आहे. १९९५ पासून हा ब्रँड आपल्याकडे आहे. आपल्या जिभेचा त्यांनी एवढा अभ्यास केलाय की आपल्या घरच्यांनीही केला नसेल. तू ते पाकीट ठेवशीलच, न ठेवून सांगतोस कुणाला? पण ‘तिखट काय आहे?’ असं विचारणाऱ्याच्या हातात ते देऊ नकोस.

अंकल चिप्सचं स्पायसी ट्रीट आपल्या वयाच्या माणसांसाठी एखादी माळ असू दे. १९९२ साली ते आले तेव्हा पाकिटातले वेफर्स म्हणजे तेच होते. २००० मध्ये ते लेजच्याच घरात गेले, त्यामुळे आता ही दोन पाकिटं सख्खी नसली तरी सावत्र भावंडं आहेत. मसाला जरा मोकळा, चाटकडे झुकलेला. पोरांना त्यात विशेष काही वाटलं नाही. तात्यांनी मात्र वाटी पुसून खाल्ली.

आता बालाजी. यावर जरा थांबतो, कारण तुझ्या धंद्याचं गणित इथे आहे. राजकोटच्या ॲस्ट्रॉन सिनेमाच्या कँटीनमध्ये बालाजीचे विराणी बंधू कामाला लागले ते १९७४ च्या सुमारास. मध्यंतरात वेफर्स खपतात पण पुरवणारा वेळेवर देत नाही, हे बघून त्यांच्यातल्या चंदूभाईंनी १९८२ मध्ये घरच्या अंगणात स्वतःच तळायला सुरुवात केली. म्हणजे मूळ माणूस गल्ल्यावर बसणारा, तुझ्यासारखा. ते त्यांच्या मालात अजून दिसतं: तेवढ्याच पैशात पाकीट भरल्यासारखं वाटतं, आणि कॉलेजच्या पोराला हे पहिल्यांदा कळतं. त्यांचा मसाला मस्ती मी नीट निरखून बघितला. चकती जराशी जाड, तिच्यावरचे फोड मोठे, आणि त्या फोडांच्या कडेला मसाला साचलेला. आंबटपणा लेजपेक्षा कमी, मिरची लवकर भेटते. वाटीतल्या चाचणीत पोरांचा कौल यालाच जास्त गेला. नाव कळल्यावर दोघंतिघं ओशाळले, कारण मघाशी तीच पोरं ‘आम्ही फक्त लेज खातो’ म्हणत होती.

बिंगो २००७ मध्ये आयटीसीने आणलं. त्यांचं चिली स्प्रिंकल्ड मला स्वतःला आवडतं. त्यात भानगड कमी आहे: मीठ, लाल तिखटाचे ठिपके, बस. आंबटगोडाचा लपंडाव नाही. तिखट जिभेवर न थांबता घशाशी जाऊन बसतं, आणि मिनिटभराने जाणवतं. तात्यांनी पाणी मागितलं ते इथेच. लेजवाल्यांनी वेफर स्टाइल म्हणून पातळ चकत्यांचा एक प्रकार काढलाय, त्यात वाळवलेल्या मिरचीचा स्वाद मिळतो. हा प्रकार कुणाच्या दुकानाकडे बघून काढला असेल ते सांगायला नको, त्याकडे पुढे येतोच. यलो डायमंड इंदूरचं. स्वस्तात मस्त, शाळेच्या पोरांना चालतं. तुझं गिऱ्हाईक जरा मोठं आहे, तेव्हा त्यावर शाई घालवत नाही.

तात्यांच्या पाण्यावरून आठवलं. तिखट लागलं की पाणी पिऊन काही होत नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतं. आणि ती काही चवही नव्हे. जिभेवरच्या नसांच्या ज्या टोकांना चटका कळतो, त्यांनाच ते जाऊन चिकटतं, म्हणून खरोखर भाजल्यासारखं वाटतं. त्या टोकांवरचं चटका ओळखणारं प्रथिन शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियसना २०२१ चं नोबेल मिळालं. दुधाताकातलं केसिन हे प्रथिन त्या कॅप्सायसिनला धरून ओढून नेतं. तेव्हा संजू, तिखट वेफर्सच्या माळेखालीच ताकाचा माठ ठेव. धंद्याचा सल्ला आहे, फुकट देतोय.

आता मुद्द्याचं. पोरं गेल्यावर मी प्रत्येक वाटीतला एकेक वेफर पाण्यात बुडवून, मसाला धुऊन खाल्ला. बायको बघत होती, काही बोलली नाही, फक्त दार लावून घेतलं. मसाला गेल्यावर कळतं खाली काय आहे ते. एका पाकिटात बटाटा होता, दुसऱ्यात नुसता करकरीत कागद, तिसऱ्यात तळणीचा वास. (कुठल्या कुठल्या ते भेटल्यावर सांगेन, पत्रात लिहीत नाही.) तिखट वेफर ओळखायचा तो असा. मसाला झाकायला घातलाय की नटवायला, एवढंच बघायचं.

आणि बटाटा म्हणजे मंडईतला कुठलाही नव्हे. आपला भाजीचा बटाटा शीतगृहात फार थंड ठेवला की त्यातल्या पिठाची साखर होते, आणि तळला की चकती लालकाळी, कडवट. म्हणून वेफर्सचा बटाटा दहा-बारा अंशाच्या आसपासच ठेवतात आणि जातही वेगळी लावतात. कुफरी चिप्सोना ही सिमल्याच्या बटाटा संशोधन केंद्राची जात १९९८ मध्ये याचसाठी आली. लेजवाल्या पेप्सिकोची एफसी-५ ही जात तर एवढी मोलाची की ती लावली म्हणून २०१९ मध्ये त्यांनी गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे ठोकले, आणि बोंबाबोंब झाल्यावर मागे घेतले. नाशिक रस्त्याने जाताना पेठच्या वर सातगाव पठार लागतं, आठवतंय? पावसाळ्यात आपण थांबलो होतो ते. तिथला बराच बटाटा शेतातून थेट वेफर्सच्या कंपन्यांकडे जातो. चार किलो बटाटा तळावा तेव्हा किलोभर वेफर हाती लागतात, बाकी सगळं पाणी उडून जातं. एवढ्या उठाठेवीनंतर वरून कसलाही मसाला फासायचा, म्हणजे त्या बटाट्याचा अपमानच की.

म्हणून माझं मत ऐक. पाकिटांनी गल्ला चालेल, पण दुकानाचं नाव होईल ते सुट्या वेफर्सनी. इथे कॅम्पात बुधानींकडे रविवारी जाऊन बघ, लोक पाकीटबंद ब्रँड सोडून किलोवर वेफर्स घेतात. मुंबईत कुलाब्याला कॅमीचं तेच. वेफर असा पातळ की उजेडासमोर धरला तर बोटाची सावली दिसते, कडा किंचित तपकिरी, आणि वर नुसतं लाल तिखट न् मीठ. दाताखाली तुटतो तेव्हा आधी बटाट्याची गोडी, मग मिरची. कुठलाही कारखाना हे करू शकत नाही असं नाही. पण त्याला ते पाकिटात महिनोन् महिने टिकवायचं असतं, म्हणून नायट्रोजन भरा, मसाल्यात आंबट-गोड वाढवा, सगळं आलं. तुला फक्त संध्याकाळपर्यंत टिकवायचंय.

तुमच्याकडे मंडईजवळ कुणीतरी तळणारा असेलच. नसेल तर वहिनींना सांग. वर्षाचं वाळवण करणाऱ्या बाईला पातळ चकती काढायला शिकवावी लागत नाही. फक्त वाळवलेले नकोत, ताजे चिरून, स्टार्च जाईपर्यंत दोनतीन पाण्यांतून धुऊन, फडक्यावर कोरडे करून तळलेले हवेत. तिखट टाकायचं ते झारा वर काढल्या काढल्या, तेल अंगावर गरम असतानाच. गार झाल्यावर टाकलं तर ते वेफरला चिकटत नाही, डब्याच्या तळाशी जातं आणि शेवटच्या गिऱ्हाइकाच्या नशिबी येतं. रंगाला ब्याडगी, झणक्याला थोडी लवंगी, दोन्ही बारीक दळून चाळलेली. कांदा-लसूण मसाला घालायचा मोह होईल, कराडचा माणूस आहेस, पण त्यात तेल असतं, वेफर मऊ पडतो. तो मिसळीला ठेव.

सुटा माल बाहेरून घेतलास तर पहिल्या दिवशी डबा उघडून फक्त वास घे. खवट आला तर तसाच परत पाठव, ओळखीचा असला तरी. परवान्याचा नंबर आणि बनवल्याची तारीख विचार. आणि पाकिटांच्या माळा दाराशी पश्चिमेच्या उन्हात टांगू नकोस. रंगीत दिसतात खऱ्या, पण उन्हाने आतलं तेल बिघडतं आणि गिऱ्हाईक शिव्या कंपनीला नाही, तुला देतं.

एक मात्र करू नकोस. हल्ली ‘जगातला सगळ्यात तिखट चिप’ म्हणून शर्यतीचा माल मिळतो, पोरं व्हिडिओ काढायला मागतील. अमेरिकेत २०२३ मध्ये असा चिप खाल्ल्यानंतर चौदा वर्षांचा मुलगा गेला, आणि कंपनीला सगळा माल बाजारातून उचलावा लागला. असल्या कमाईची आपल्याला गरज नाही.

तर सुरुवातीला मागवायचं ते असं: बालाजी मसाला मस्ती भरपूर, निळं लेज त्याच्या निम्मं, बिंगो चिली स्प्रिंकल्ड थोडं (मी आल्यावर लागेल), अंकल चिप्सची एखादी माळ. आणि काउंटरवर काचेच्या बरणीत सुटे लाल तिखट वेफर्स, सगळ्यात पुढे. मेव्हण्याने तिकडच्या डिस्ट्रिब्युटरचं नाव काढून ठेवलंय, स्कीम कुठल्या महिन्यात असते तेही तो सांगेल. नंबर वेगळा पाठवतो. उधारी मात्र पहिल्या आठवड्यातच बंद, नाहीतर कॉलेजची पोरं तुला ‘काका, लिहून ठेवा’ म्हणत चार वर्षं काढतील.

वहिनींना नमस्कार, चिंगीला गोड पापा. उद्घाटनाचा दिवस ठरला की कळव, मी आदल्या रात्रीच्या एसटीने येतो. किसणीचं पातं चांगलं नसेल तर इथून रविवार पेठेतून घेऊन येईन, लगेच सांग.

तुझा,
बाळ्या

ता. क. तात्या जोशी विचारत होते, कराडचं दुकान कधी उघडतंय. त्यांना ॲसिडिटीची गोळी बरोबर घ्यायला सांगितलंय.