काँक्रीट पडण्याआधी निवाडा हवा

मा. संपादक,

सरकारी कंत्राटांत 10 कोटींवरच्या वादांसाठी लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर पंचाकडून निवाडा घेण्याची, तरतूद सरसकट ठेवू नका, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने 3 जून 2024 रोजी सर्व खात्यांना कळवले. तेव्हापासून लवाद बरा की न्यायालय, यावर वकील मंडळी हिरिरीने लिहीत आहेत. पण दोन्हीकडे दाद मिळते ती काम आटोपून वर्षे लोटल्यावर.

माझी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली. पुलाच्या पायाचा खड्डा खणताना खाली जे लागते, ते कंत्राटदाराच्या लेखी कठीण खडक असते आणि कनिष्ठ अभियंत्याच्या मोजमाप पुस्तकात मुरूम. दरात जमीन-अस्मानाचा फरक! चार दिवसांत काँक्रीट पडते, पुरावा गाडला जातो. पुढे कधीतरी कोणी निवृत्त न्यायमूर्ती पुसट फोटो पाहून तो खडक होता की मुरूम हे ठरवतात.

अभियंता जागेवरच मिटवत का नाही? कारण पैसे दिले तर लेखापरीक्षणाचा आक्षेप आणि चौकशी त्याच्या एकट्याच्या गळ्यात. नाही दिले तर प्रकरण कोर्टात जाते आणि तोवर साहेबांची बदली झालेली असते. कोणता शहाणा सही करील? आमच्या खात्याच्या बी-1 या छापील निविदा-नमुन्यातल्या कलम 30 प्रमाणे अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम. तोही खात्याचाच माणूस!

ब्रिटनने 1996 साली कायदा करून यातून वाट काढली. तो 1 मे 1998 पासून लागू आहे. बिल अडले की उपकंत्राटदारसुद्धा थेट त्रयस्थ जाणकाराकडे जाऊ शकतो आणि निर्णय साधारण 28 दिवसांत येतो. आधी तो पाळायचा, मग हवे तर कोर्टात भांडायचे. सिंगापूर, मलेशिया, न्यू साउथ वेल्स यांनी आपापल्या परीने तेच केले. हाँगकाँगमध्ये 2025 पासून असा कायदा लागू झाला. मोठ्या कामांसाठी ‘फिडिक’ या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2017 च्या करारनमुन्यात एक किंवा तीन जाणकारांचे मंडळ सुरुवातीपासूनच नेमलेले असते. ते अधूनमधून साइटवर येते, खड्डा उघडा असतानाच पाहते. खर्च दोन्ही पक्ष निम्मा-निम्मा सोसतात.

घाईच्या निर्णयात चूक होईल, हा आक्षेप मी खात्यात अनेकदा ऐकला. चूक होईलही. पण सावकाश निर्णयाचे तरी काय? दिल्ली विमानतळ मेट्रोचा खासगी कंपनीशी करार 2008 चा, तो मोडला 2012 मध्ये. 2017 साली लवादाने कंपनीच्या बाजूने निवाडा दिला, 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि त्याच न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये फिरवला. एवढी वर्षे कळ काढणे मोठ्या कंपनीला जमते. कर्ज काढून जेसीबी घेतलेल्या तालुक्याच्या गावच्या उपकंत्राटदाराला जमत नाही. खात्याशी त्याचा करारच नसल्याने कलम 30 सुद्धा त्याच्या उपयोगाचे नाही.

केंद्राचा कायदा होईल तेव्हा होवो. निविदेचा नमुना राज्याच्याच हातात आहे. कलम 30 बदलून 28 दिवसांची त्रयस्थ निवाड्याची तरतूद घालावी, उपकंत्राटदारालाही तिचा आधार मिळेल अशी अट मुख्य कंत्राटदारावर टाकावी, आणि अशा निवाड्यानुसार पैसे देणाऱ्या अभियंत्याला त्यासाठी जबाबदार धरू नये, असा शासन निर्णय काढावा. ही शेवटची बाब वगळली तर बाकीचे कागदावरच राहील.

– एक निवृत्त उपअभियंता, सातारा