अडीच सूत आणि आठ मिलिमीटर

महोदय,

रद्द झालेल्या 'एमबीटी-70' रणगाड्यावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. अमेरिका आणि पश्चिम जर्मनीने 1963 साली भागीदारीत घेतलेले हे काम बारगळले, याचे नवल नाही. पण इंच की मिलिमीटर हा दोघांतला वाद लेखकाने किरकोळ मानापमानात काढला, ते खटकले.

मी वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षे टूलरूममध्ये फिटर होतो. आमची जुनी मशीन इंची, नवी ड्रॉइंग मिलिमीटरची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सुती बोल्ट आणि आठ मिलिमीटरचा बोल्ट शेजारी ठेवा, नजरेला फरक कळणार नाही. जाडीत जेमतेम सहा शतांश मिलिमीटरचा. आटे मात्र वेगळे. आठच्या भोकात अडीच सुती बोल्ट दोन आटे गुमान जातो, मग अडतो. एका हेल्परला वाटले, गंज असेल. त्याने पान्याला पाइप घालून जोर लावला आणि बोल्ट डायच्या प्लेटमध्येच मोडला. तो ड्रिलने काढून नवे आटे पाडण्यात माझी अख्खी दुसरी पाळी गेली. हे एका भोकाचे. रणगाड्यात अशी भोके किती, आणि कागद दोन देशांचे!

गंमत म्हणजे तोफेचे माप अमेरिकनही मिलिमीटरमध्येच सांगत. या रणगाड्याची त्यांची तोफ 152 मिलिमीटरची. तिच्यातून गोळाही उडायचा आणि क्षेपणास्त्रही.

बाकी कारणे होतीच. चालकाला बुरुजात, म्हणजे तोफेसकट फिरणाऱ्या वरच्या भागात, बसवले होते. बुरुज फिरला तरी त्याचे तोंड पुढेच राहावे म्हणून त्याची बैठक उलटी फिरायची, आणि त्याला दिशेचा पत्ता लागेना. एका रणगाड्याची किंमत दहा लाख डॉलरच्या घरात गेली. 1970 च्या जानेवारीत जर्मनी बाहेर पडला. अमेरिकेने साधी, स्वस्त आवृत्ती करून पाहिली. तीही त्यांच्या काँग्रेसने 1971 च्या डिसेंबरात बंद केली. मग दोघांनी आपापल्या घरी वेगळे रणगाडे केले: जर्मनीने लेपर्ड-2, अमेरिकेने एब्रम्स.

लेखात एक गोष्ट राहिली. 1985 च्या सुमारास एब्रम्सच्या नव्या आवृत्तीवर तोफ बसली ती जर्मन बनावटीची, 120 मिलिमीटरची. ती बसवताना मापे कशी जुळवली, यावर लेखकाने एकदा सविस्तर लिहावे. आमच्या कट्ट्यावर वाचायला आम्ही चौघे तरी आहोत.

– एक निवृत्त फिटर, सावरकरनगर, ठाणे