जाळीचं एक घर आणि त्याच्या चार भिंती

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात दरवर्षी इंजिनिअरिंगच्या ॲडमिशन, कटऑफ, प्लेसमेंटवर भरपूर येतं, पण आत लॅबमध्ये पोरं नेमकं काय शिकतात यावर कोणी लिहीत नाही म्हणून मीच लिहितेय. मी नाशिकला एका कॉलेजात इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स शिकवते, शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट बघते. विषय बारीक आहे, सिम्युलेशनमधली पिरिऑडिक बाउंड्री, म्हणजे कॉम्प्युटरवर एकच तुकडा घेऊन त्याच्या समोरासमोरच्या कडा जोडायच्या, की तोच तुकडा पुन्हा पुन्हा पसरल्यासारखा होतो, पण तिथे चूक झाली की वर्षभराची मेहनत वाया जाते आणि चूक दिसतसुद्धा नाही, कारण स्क्रीनवर रंगीत चित्र छानच येतं.

नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागतं, तिथून आत खोडदला जीएमआरटीची दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. जवळून बघितली तर पत्रा नाहीच, नुसती बारीक तारेची जाळी, मधून आभाळ दिसतं. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांची ही कल्पना, वजन कमी, वारा आरपार जातो, आणि जाळीचं घर १ ते २ सेंटीमीटरचं असल्यामुळे २१ सेंटीमीटरच्या रेडिओ लहरीला तो आरसाच वाटतो. आता समजा पोरांना सांगितलं की ही जाळी किती लहर परत फेकते आणि किती गळते ते कॉम्प्युटरवर काढा. घर १ सेंटीमीटरचं धरलं तर एका डिशमध्ये दीड कोटीच्या वर घरं होतात, तार तर मिलिमीटरपेक्षाही बारीक, म्हणजे कॉम्प्युटर ज्या चौकटींवर हिशोब करतो ती ग्रीड त्याहून बारीक हवी, अख्खी डिश घालायचा विचारच सोडा. मग काय करायचं, तर एकच घर घ्यायचं, वर-खाली लहर गिळणारा पीएमएलचा थर लावायचा, आणि बाजूच्या चार भिंतींना सांगायचं की उजवीकडून जे बाहेर जाईल ते डावीकडून आत आण, तसंच पुढच्या-मागच्या भिंतीचं. दीड कोटी घरांचं काम एका घरात होतं. मला इतकी वर्षं शिकवूनही ही गोष्ट फार सुंदर वाटते.

लहर समोरून सरळ आली तर एवढं पुरतं, कारण सगळ्या घरांत एकाच क्षणी एकच गोष्ट घडत असते. तिरपी आली की नाही पुरत. आपल्या ढोलपथकाची एक लांब रांग डोळ्यासमोर आणा, सगळे तोच ठोका वाजवतायत पण प्रत्येकजण डावीकडच्या शेजाऱ्याच्या पाव ठोका मागे. कोणासमोरही उभं राहा, ऐकायला तेच येणार, फक्त उशिरा. तिरपी लहर अशीच एका घरानंतर दुसऱ्या घरात पोचते, म्हणून डावी-उजवी भिंत जोडताना मधे तेवढी फेज, म्हणजे लहरीच्या चक्करीतला तेवढा मागे-पुढेपणा, घालावी लागते. हेच गणितज्ञ फ्लोकेने १८८३ साली गणितात मांडलं, आणि भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स ब्लॉखने १९२८ च्या सुमारास स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनसाठी, त्यामुळे एका सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉख दिसतं तर दुसऱ्यात फ्लोके आणि पोरांना वाटतं दोन वेगळ्या सेटिंग आहेत.

यंदा एका कॉलेजात परीक्षक म्हणून गेले होते, तिथला प्रोजेक्ट सांगते. दोन मुलं, खूप कष्टाळू, तांब्याच्या रिंगा छापलेला बोर्ड, दर १५ मिलिमीटरला एक रिंग, १० गिगाहर्ट्झची लहर ३० अंशातून येतेय आणि बोर्डातून किती पार होते याचा ग्राफ. मी विचारलं भिंतींवर काय टाकलंय, तर म्हणाले मॅडम पिरिऑडिक. फेज किती? गप्प. त्यांनी सोर्स, म्हणजे लहर सोडणारी जागा, ३० अंशात वाकवला होता आणि भिंतींना साधं पिरिऑडिक ठेवलं होतं, म्हणजे फेज शून्य. आता १० गिगाहर्ट्झला लहर ३० मिलिमीटरची, घर १५ चं, म्हणजे अर्धी लहर, त्याला ३० अंशाचा साइन अर्धा, तर फेज पाव चक्कर, ९० अंश, तोंडी होणारा हिशोब आहे हा. शून्य फेज टाकली की भिंत म्हणते सगळी घरं एकाच वेळी हलतायत, सोर्स म्हणतो नाही, या भांडणात जे उरतं त्याचा ग्राफ त्यांनी काढला होता आणि त्याला बोर्डाचा गुण म्हणून रिपोर्टात लिहिलं होतं. त्यांना हे आधी कोणी विचारलंच नव्हतं, आणि मला त्यांचा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचा राग आला.

९० टाकलं तरी विषय संपत नाही, आणि इथे चांगले चांगले फसतात. क्षणाक्षणाने पुढे सरकत हिशोब करणारी पद्धत असेल, केन यी या शास्त्रज्ञाने १९६६ साली मांडलेली, तर पोरं एकच पल्स सोडून ८ ते १२ गिगाहर्ट्झचा सगळा ग्राफ एका रनमध्ये काढतात. पण खऱ्या तिरप्या लहरीत शेजारच्या घरापर्यंतचा उशीर ठरलेला असतो, इथे २५ पिकोसेकंद, आणि आपण भिंतीवर उशीर नाही तर फेज ठरवलीय. फेज ९० च राहिली आणि फ्रिक्वेन्सी बदलली की कोन बदलतो, ८ ला तो साधारण ३९ अंश होतो, १० ला ३० आणि १२ ला २५ च्या आसपास. ग्राफवर मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत '३० अंश' छापलेलं असतं. मग सरळ २५ पिकोसेकंदच का नाही घालायचे असं एका मुलीने मला वर्गात विचारलं होतं, फार चांगला प्रश्न. एका भिंतीला ते जमतं कारण तिला मागे वाजून गेलेला ठोका हवा असतो, पण समोरच्या भिंतीला अजून न वाजलेला ठोका हवा असतो, तो आणायचा कुठून. म्हणून प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळी फेज टाकून वेगळा रन करायचा, वेळ जातो, जाऊ दे. अजून एक, फेज आली की फील्डचे आकडे कॉम्प्लेक्स होतात, म्हणजे प्रत्येक आकड्याला रिअल आणि इमॅजिनरी असे दोन भाग, मेमरी दुप्पट लागते, ते बघून काहीजण कॉम्प्लेक्सचं टिक काढून टाकतात, तसं करू नका.

माझी मागणी मोठी नाहीये. लॅबच्या यादीत यासाठी दोन प्रॅक्टिकल द्या. महागड्या लायसन्सचीही गरज नाही, एमआयटीचं मीप नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पायथॉनमधून चालतं, लॅबमधल्या साध्या मशीनवर एक घर आरामात होतं. त्यात फेज 'के पॉइंट' म्हणून द्यायची, तीही २π वगळून, म्हणजे घराची लांबी १ धरली तर ९० अंशाला ०.२५, आणि काहीच दिलं नाही तर भिंती पिरिऑडिक नसतातच, धातूच्या असतात. हे एकदा हाताने लिहिलं की डोक्यात बसतं, मेनूतून क्लिक करून बसत नाही.

आणि परीक्षकांना विनंती, रंगीत चित्र बघायच्या आधी या गोष्टी मागा. रिकामं घर चालवून दाखव, बोर्ड नाही काही नाही, तिथे लहर परत आली तर पुढचं बघायलाच नको. मग लॉस नसलेला, म्हणजे ऊर्जा न खाणारा, बोर्ड घालून परत आलेली आणि पार झालेली ऊर्जा मिळून १ होते का ते. आणि मला सगळ्यात आवडणारी, एकाऐवजी दोन घरं घे, फेज १८० दे, उत्तर तेच यायला हवं.

त्या दोन मुलांना मी ही शेवटची सांगितली होती. चार दिवसांनी त्यांचा मेल आला, त्यांनी माझ्यापुढे जाऊन चार घरं घेतली होती, चार नव्वद म्हणजे पूर्ण चक्कर, फेज पुन्हा शून्य, साधं पिरिऑडिकच चालतं, आणि १० गिगाहर्ट्झला एका घराचं आणि चार घरांचं उत्तर एकमेकांवर बसलं. रिपोर्टातला जुना ग्राफ मात्र तसाच सबमिट झालाय, तो बदलायची सोय नाहीये म्हणे.

आपली,
एक प्राध्यापिका, गंगापूर रोड, नाशिक