जीपीएसवाल्या दादांना जाहीर थँक्यू

दादा, आभार मानलेले तुम्हाला आवडत नाही माहितीये, तरी सगळ्यांसमोर लिहितोय, कारण पुण्यात असे कितीतरी रायडर आहेत जे रात्री लॅपटॉपवर मस्त रूट आखतात आणि सकाळी चांदणी चौकात गाडीवरच्या जीपीएसमधे तो घ्यायचा कसा म्हणून डोकं धरून बसतात. "मोबाईल लाव की" असं सांगणारे भरपूर भेटले. पण ताम्हिणीत रेंज जाते, पावसात टचस्क्रीन स्वतःच्या मनाने चालतो, आणि ग्लोव्ह्ज काढून मॅप बघायचा म्हणजे वैताग.

तुम्ही आधी हे सांगितलंत की गुगल मॅप्सची शेअर लिंक जीपीएसच्या काही कामाची नाही, त्याला जीपीएक्स फाईल लागते, म्हणजे रूटचे पॉइंट साठवलेली जीपीएसला वाचता येणारी फाईल. मग गुगलच्याच माय मॅप्समधे तोच रूट परत काढायचा, एका लेयरला (नकाशावरच्या एका थराला) 10च पॉइंट बसतात म्हणून लांबचा असेल तर दोन लेयर करायचे, त्याची केएमएल (गुगलच्या नकाशांची फाईल) एक्सपोर्ट करायची, कन्व्हर्टरमधून जीपीएक्स करायची, आणि यूएसबी लावून डिव्हाइसच्या जीपीएक्स फोल्डरमधे टाकायची. एवढं तर शोधलं असतं तर सापडलंही असतं.

खरी गंमत पुढे होती. रूट आणि ट्रॅक यातला फरक मला आजवर कोणी नीट सांगितलाच नव्हता. रूट म्हणजे मोजके पॉइंट, मधला रस्ता डिव्हाइस स्वतःच्या नकाशावर आणि स्वतःच्या सेटिंगप्रमाणे ठरवणार. ट्रॅक म्हणजे शेकडो ठिपक्यांची रेघ, ती आहे तशीच स्क्रीनवर दिसते, आपण तिच्यावरनं चालायचं. म्हणून तुम्ही दोन्ही टाकायला लावलंत, वळणं सांगायला रूट आणि खात्रीला ट्रॅक, रूट रेघ सोडून भलतीकडे निघाला की लगेच कळतं.

आणि कळलंच! श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून पुढे केळशीला जायचं होतं, तर रूट बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडीपलीकडे वेसवीला न जाता म्हसळ्याकडे मागे वळून आंबेतच्या पुलावरनं मंडणगडला चाललेला. तुम्ही नुसतं बघूनच म्हणालात, "सेटिंगमधे 'फेरी टाळा'वर टिक आहे बघ." टिक काढली, रूट सरळ बाणकोटच्या खाडीत उतरला. गाडी जंगलजेटीवर (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर) चढवून बाणकोटची खाडी ओलांडायची मजा त्या एका टिकने घालवली असती राव.

विळे फाट्याची पिनसुद्धा तुम्ही झूम करून दाखवलीत, रस्त्याला सोडून शेजारच्या शेतात पडलेली. व्हाया पॉइंट, म्हणजे जिथे पोचायचंच असा पॉइंट, असा आडबाजूला असला की डिव्हाइस तिथे पोचल्याशिवाय पुढे सरकत नाही, मागे फिरा मागे फिरा करत बसतं. जिथे थांबायचंच नाही तिथे शेपिंग पॉइंट ठेवायचा, तो गुपचूप रस्ता वळवतो, हेही तेव्हाच समजलं.

हे सगळं तुम्ही स्वतः पाच मिनिटांत करून दिलं असतंत, पण माऊस माझ्याच हातात ठेवलात आणि शेजारी बसून राहिलात, त्यासाठी वेगळा थँक्यू.

आता महाडहून वरंध घाटाने भोरमार्गे यायचा रूट बनवतोय, घाट चालू आहे का ते आधी विचारूनच. ट्रॅक आणि रूट दोन्ही पाठवतो, एकदा नजर मारा प्लीज.