वॉस्डेल हेडची बोळवण नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेन नेव्हिस, स्काफेल पाइक आणि स्नोडन ही अनुक्रमे स्कॉटलंड, इंग्लंड आणि वेल्समधील सर्वांत उंच तीन शिखरे चोवीस तासांत सर करणाऱ्या मराठी तरुणांवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. त्यांच्या जिद्दीचे कौतुक आहेच; परंतु 978 मीटर उंचीच्या स्काफेल पाइकची चढाई ज्या वाडीतून त्यांनी सुरू केली, त्या वॉस्डेल हेडची 'रात्री दोनला गाडी लावली' एवढ्यावर केलेली बोळवण खटकली.

कम्ब्रियातील ही वाडी म्हणजे मोजकी शेतघरे, एक जुनी सराई आणि सेंट ओलाफचे ठेंगणे चर्च. इंग्लंडमधील सर्वांत खोल तळे, 79 मीटरचे वास्टवॉटर, तिच्या खालच्या अंगाला आहे आणि त्याच्या काठाने येणारा अरुंद रस्ता वाडीतच संपतो. मी कोकणातला, त्यामुळे चुना-मातीशिवाय रचलेला गडगा मला नवा नाही; पण येथील गडगे पाहून मीही चकित झालो. शेत मोकळे करताना निघालेले धोंडे टाकायचे कुठे, म्हणून ते गडग्यातच रचत गेल्याने काही ठिकाणी त्यांची रुंदी भिंतीपेक्षा ओट्याला शोभेल अशी झाली आहे. डोंगरावर हर्डविक मेंढ्या चरतात. त्यांची कोकरे काळीभोर जन्मतात आणि वयाबरोबर करडी होतात. वर कुंपण नसले तरी कळप आपली हद्द सोडत नाही, कारण आईमागून फिरतानाच कोकरू ती शिकते.

चर्चच्या एका लहानशा काचेवर नेप्स नीडल हा सुळका कोरलेला आहे. 1886 मध्ये हॅस्केट स्मिथ त्यावर एकटा चढला, आणि तेथून इंग्लंडमधील प्रस्तरारोहणाच्या खेळाची सुरुवात मानतात. बाहेर, 1903 मध्ये स्काफेलच्या कड्यावरून पडून मृत्यू पावलेल्या गिर्यारोहकांची थडगी आहेत. त्याआधीच्या काळी या वाडीला दफनभूमीच नव्हती. शवपेट्या घोड्यावर लादून बर्नमूरच्या माळावरून शेजारच्या एस्कडेल खोऱ्यात न्याव्या लागत.

गेल्या जूनमध्ये मी तेथे मुक्कामाला होतो. मध्यरात्रीनंतर मिनीबस येत राहिल्या. दारे आपटणे, एकमेकांना हाका, डोळ्यांवर येणारे विजेरीचे झोत, आणि सकाळी गडग्याआड केलेली घाण. एका मिनीबसमधून मराठी ऐकू आले तेव्हा मी पडदा ओढून घेतला, हे कबूल करतो. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावाला रात्रीच्या ट्रेकचा हा ताप ठाऊक आहे, तेव्हा आपल्या वाचकांना अधिक सांगायला नको.

यापुढे असा लेख छापताना त्याखाली दोन ओळी द्याव्यात, ही विनंती : चढाई दिवसा करावी, आणि आदल्या रात्री त्याच वाडीत उतरून जेवणखाणाचे पैसे तेथेच खर्च करावेत.

आपला,
एक नियमित वाचक
लँकेस्टर, इंग्लंड